पैवस्ती ते फॅक्स सर्व्हर: ‘पोचले’ म्हणजे नेमके कुठे?

१/
पेशवेकालीन पत्रे वाचणाऱ्यांना ‘पैवस्ती’ हा शब्द परिचयाचा असतो. पत्र ज्याच्याकडे पावले त्याच्या दप्तरातील कारकून ते कोणत्या दिवशी पावले याची नोंद त्या पत्रावरच करून ठेवी, ती ही पैवस्ती. पत्र केव्हा लिहिले हे पाठवणारा सांगतो, केव्हा पावले हे घेणारा सांगतो. दोन्ही तारखा हाती असतील तर अभ्यासकाचे अर्धे काम सोपे होते. मधल्या दिवसांत पत्र वाटेवर होते आणि घेणाऱ्याला त्यातले काहीही ठाऊक नव्हते, एवढे तरी निश्चित सांगता येते.

२/
आजचा धागा वरकरणी अगदी वेगळ्या वस्तूविषयी आहे: कार्यालयाच्या नेटवर्कवर बसवलेला मध्यवर्ती फॅक्स सर्व्हर. विषय ऐकून काहींनी पुढे सरकण्याची तयारी केली असेल, तर क्षणभर थांबावे. या रुक्ष यंत्रणेने विसाव्या शतकाच्या अखेरीस पैवस्तीचा अर्थ पालटून टाकला. ‘पोचले’ म्हणजे नेमके कुठे आणि कोणाला पोचले, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला आणि एक विधानसभा विसर्जित होतानाही तोच वाद उभा राहिला. त्या प्रश्नाचाच हा इतिहास आहे.

३/
प्रथम एक गैरसमज दूर करू. फॅक्स हे टेलिफोनचे अपत्य नाही. ते टेलिफोनहून वयाने मोठे आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलचे पेटंट १८७६ सालचे. तारेवरून प्रतिमा पाठवण्याचे पेटंट अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये घेतले होते, म्हणजे ३३ वर्षे आधी. तो घड्याळजी होता हेही महत्त्वाचे. दोन ठिकाणचे लंबक एकाच लयीत झुलले तरच एकीकडची रेघ दुसरीकडे त्याच जागी उमटणार होती. सगळी कल्पना दोन यंत्रांच्या तालमेळावर उभी होती आणि आजही ती तशीच उभी आहे.

४/
फ्रेडरिक बेकवेल याने आपले सुधारित यंत्र १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडले. पण प्रत्यक्ष सेवा सुरू झाली ती जोव्हान्नी कासेल्ली या इटालियन धर्मगुरूच्या ‘पँटेलेग्राफ’ने, १८६५ मध्ये, पॅरिस ते लिआँ या मार्गावर. यंत्र माणसाहून उंच, ओतीव लोखंडाचे. त्याचा व्यवहारातला एक प्रमुख उपयोग मला फार बोलका वाटतो: पेढ्यांसाठी सह्यांची पडताळणी. साध्या तारेने शब्द पोचत होते, पण ते शब्द त्याच माणसाचे आहेत याची खूण पोचत नव्हती. हस्ताक्षर आणि सही जशीच्या तशी पोचवणे, हा फॅक्सचा पहिल्यापासूनचा दावा आहे.

५/
पुढची शंभर वर्षे या तंत्राला आश्रय दिला तो मुख्यतः वृत्तपत्रांनी, आणि तोही छायाचित्रांसाठी. असोसिएटेड प्रेसची तारेवरून छायाचित्रे पाठवणारी सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. कार्यालयांशी त्याचा फारसा संबंध नव्हता, म्हणून हा भाग ओलांडून थेट १९६६ कडे जाऊ.

६/
त्या वर्षी झेरॉक्स कंपनीने ‘मॅग्नाफॅक्स टेलिकॉपियर’ बाजारात आणला. वजन सुमारे २१ किलो, एका पानाला सहा मिनिटे. आजच्या मापाने हास्यास्पद. पण तो नेहमीच्या टेलिफोन लाइनीवर चालत होता, स्वतंत्र तार टाकावी लागत नव्हती, आणि त्यामुळे तो ऐतिहासिक ठरतो. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ‘कार्टरफोन’ प्रकरणात निर्णय दिला की नेटवर्कला अपाय होत नसेल तर इतर कंपन्यांची उपकरणेही टेलिफोन लाइनीला जोडता येतील. तोवर लाइनीच्या टोकाला काय लावायचे हे टेलिफोन कंपनीच ठरवत होती. मॉडेम, आन्सरिंग मशीन, फॅक्स या सर्वांची वाट या निर्णयाने मोकळी केली.

७/
तरीही एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलत नसे. मग आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या समितीने मानके आणली. १९६८ च्या गट १ ला पानामागे सहा मिनिटे, १९७६ च्या गट २ ला तीन, आणि १९८० च्या गट ३ ला साधारण एक मिनिट किंवा त्याहूनही कमी. गट ३ हे डिजिटल मानक. आपण ‘फॅक्स’ म्हणून जे ओळखतो ते हेच.

८/
गट ३ मध्ये पानाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांची असते, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. आता पत्राचे पान डोळ्यांसमोर आणा. बहुतांश पान पांढरेच असते. म्हणून ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असे शेकडो वेळा सांगण्याऐवजी ‘इतके पांढरे, मग इतके काळे’ एवढेच पाठवायचे, आणि वारंवार येणाऱ्या लांबींसाठी आखूड संकेत ठेवायचे. तीन मिनिटांचे एक मिनिट झाले त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

९/
पण आपल्या विषयाचा गाभा आहे तो ‘टी.३०’ नावाच्या संवाद-नियमांत. फॅक्स लावल्यावर ऐकू येणारी ती किंकाळी आठवते? ती दोन यंत्रांची रीतसर भेट असते. फोन करणारे यंत्र ११०० हर्ट्झचा सूर थांबून थांबून देते: मी फॅक्स आहे. उचलणारे २१०० हर्ट्झने ओ देते. मग ते आपली कुवत सांगते: इतक्या वेगाने घेऊ शकतो, इतका बारीक ठसा काढू शकतो. पाठवणारे त्यातून निवड करते आणि चाचणीची माहिती पाठवून लाइन कितपत स्वच्छ आहे हे पाहते. खरखर फार असेल तर वेग उतरवला जातो. मग पान जाते. पान संपले की पाठवणारे थांबते आणि विचारते. घेणारे उत्तर देते: पान मिळाले. हे उत्तर आल्याशिवाय पाठवणारे यंत्र काम पूर्ण झाले असे मानतच नाही.

१०/
हे शेवटचे उत्तर म्हणजे पोच, आणि तिच्यावरूनच यंत्र ती छोटी चिठ्ठी छापते: अमुक क्रमांक, अमुक वेळ, अमुक पाने, ओके. टपालात रजिस्टर्ड पत्राची पोचपावती परत यायला काही दिवस लागत. टेलेक्समध्ये समोरच्या यंत्राची ओळख तिथल्या तिथे उलटून येई, हे खरे. पण टेलेक्सवर सही, शिक्का, नकाशा, हाताने मारलेली दुरुस्ती पाठवता येत नसे. मूळ कागदाची हुबेहूब प्रत आणि तिची तत्काळ पोच या दोन्ही गोष्टी सर्वसामान्य कार्यालयाला प्रथम एकत्र मिळाल्या त्या गट ३ च्या फॅक्समध्ये.

११/
याचा सर्वाधिक लाभ जपानला झाला हे स्वाभाविकच आहे. हजारो कांजी चिन्हांची लिपी टेलेक्सच्या कळफलकावर मावणारी नव्हती. फॅक्सला लिपीशी देणेघेणे नाही. त्याला फक्त काळे आणि पांढरे कळते. जपानी कंपन्यांनी ही यंत्रे लहान आणि स्वस्त केली आणि जगाची बाजारपेठ काबीज केली. आपल्याकडे देवनागरी टेलिप्रिंटर होते, तरी मराठीत हाताने लिहिलेला अर्ज, त्याखालचा अंगठा आणि तलाठ्याचा शिक्का एकाच वेळी नेऊ शकणारे पहिले साधन फॅक्सच.

१२/
भारतात फॅक्स रुजला तो टेलिफोनच्याच गतीने. साध्या लाइनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव अडकून पडण्याचा तो काळ. १९८४ मध्ये सी-डॉट, १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल आणि मग गावोगावच्या पिवळ्या पाट्या: एसटीडी, आयएसडी, पीसीओ, झेरॉक्स, फॅक्स. कार्यालयांत यंत्र बहुधा एकच असे आणि ते साहेबांच्या केबिनबाहेर, स्वीय सहायकाच्या टेबलाशेजारी विराजमान असे. कागद थर्मल, म्हणजे शाई नाही, उष्णतेने काळा पडणारा लेप. भेंडोळे गुंडाळी होऊन बाहेर पडे, शिपाई ते उलगडून कापे, कोणीतरी त्याची लगोलग झेरॉक्स काढून ठेवी, कारण मूळ प्रत काही वर्षांत फिकी पडते हे अनुभवाने कळलेले असे.

१३/
आणि मग आवक-जावक. सरकारी भाषेत बारनिशी. टपालाने आलेल्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक, तारीख, कोणत्या शाखेकडे दिला, कोणाची सही. फॅक्स मात्र या दारातून आत येतच नव्हता. तो भिंतीतल्या तारेतून थेट यंत्रात पडत होता. आवक लिपिकाकडे तो पोचला तर पोचला. यंत्राने पोच दिलेली, नोंदवहीत नोंद नाही. पाठवणाऱ्याला याची पुरेपूर जाणीव असे, म्हणून फॅक्स केल्यावर लगेच फोन: ‘फॅक्स मिळाला का?’ आणि पत्राच्या तळाशी ओळ: मूळ प्रत टपालाने रवाना.

१४/
ही दुहेरी खबरदारी किती महागात पडू शकते याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या एका निकालात आहे: सिल इम्पोर्ट, यूएसए विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स. बंगळूरच्या रेशीम निर्यातदाराला मिळालेले धनादेश वटले नाहीत. अशा वेळी कायद्याने लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतर महिन्याभरात तक्रार दाखल करावी लागते. निर्यातदाराने जून १९९६ मध्ये नोटीस फॅक्सने पाठवली आणि तीच रजिस्टर्ड टपालानेही पाठवली. टपाल सुमारे दोन आठवड्यांनी पोचले. तक्रार ऑगस्टमध्ये दाखल झाली.

१५/
टपालाची तारीख धरली तर तक्रार मुदतीत. फॅक्सची धरली तर मुदत उलटलेली. आता गंमत पाहा: ज्याच्यावर आरोप होता तोच म्हणाला, होय, मला फॅक्स मिळाला होता! न्यायालयाने प्रश्न विचारला, फॅक्स ही ‘लेखी’ नोटीस आहे काय? उत्तर आले, आहे. कायद्याने टपालाचाच आग्रह धरलेला नाही आणि नव्या तंत्राकडे पाठ फिरवता येणार नाही. मग मुदत कधीपासून? फॅक्स पोचला त्या दिवसापासून. तक्रार बाद. पाठवणाऱ्याच्या स्वतःच्याच फॅक्सने त्याचे प्रकरण बुडवले. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच वाटतो, पण त्या निर्यातदाराविषयी वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

१६/
येथवर ‘पोचणे’ म्हणजे समोरच्या खोलीतल्या यंत्रातून कागद बाहेर पडणे. आता कागदच नाहीसा होतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील गॅमालिंक या कंपनीने संगणकात बसणारे फॅक्स कार्ड विकायला आणले. पान छापून पुन्हा यंत्रात घालण्याऐवजी संगणकातले पान थेट लाइनीवर. पण प्रत्येक टेबलावर एक कार्ड आणि प्रत्येक कार्डाला एक टेलिफोन लाइन हा खर्च कोणत्या कचेरीला परवडणार? त्याच सुमारास कचेऱ्यांत नेटवर्क येत होती आणि छपाईयंत्र सामायिक करण्याची सवय लागत होती. छपाईयंत्र सामायिक होते, मग टेलिफोन लाइन का नको?

१७/
या प्रश्नाचे जे उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सर्वाधिक गाजले ते सॅम लेफ्लर याचे. बर्कली युनिक्सच्या जडणघडणीतला हा माणूस. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत असताना १९९० च्या दशकाच्या आरंभी त्याने ‘फ्लेक्सफॅक्स’ लिहिले, पुढे त्याचे नाव ‘हायलाफॅक्स’ झाले. राइटफॅक्ससारखी विकत मिळणारी उत्पादनेही होतीच. पण हायलाफॅक्सची रचना उघडी असल्यामुळे अशी यंत्रणा आतून कशी चालते हे तिच्यात स्वच्छ दिसते. जरा सविस्तर पाहू.

१८/
एक युनिक्स संगणक. त्याला एक, दोन किंवा चार फॅक्स मॉडेम, प्रत्येकाला लाइन. नेटवर्कवरच्या कोणत्याही टेबलावरून कर्मचारी आपले पत्र ‘छापा’ म्हणतो, फक्त छपाईयंत्राच्या जागी फॅक्स निवडतो आणि क्रमांक देतो. पत्र सर्व्हरकडे जाते. तेथे त्याचे १७२८ ठिपक्यांच्या ओळींत रूपांतर होते आणि ते ‘टिफ’ नावाच्या प्रतिमा-फायलीत साठवले जाते. (टिफ वाचणारी-लिहिणारी जी ग्रंथिका जगभर वापरली जाते तीही लेफ्लरचीच.) मग ते रांगेत उभे राहते. मॉडेम मोकळा झाला की क्रमांक फिरवला जातो. समोर एंगेज असेल तर थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा. तातडीचे पत्र रांगेत पुढे काढता येते, बिनतातडीचे रात्री उशिरासाठी राखता येते. एसटीडीच्या पाव दरासाठी रात्री बूथबाहेर ताटकळलेल्या पिढीला या शेवटच्या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

१९/
मॉडेम निवडतानाही एक पेच असे. १९९० च्या ‘क्लास १’ मानकात मॉडेम फक्त सूर काढतो आणि ऐकतो, टी.३० चा सगळा संवाद संगणकाने चालवायचा. ‘क्लास २’ मध्ये संवाद मॉडेमच सांभाळतो. पहिल्यात नियंत्रण अधिक, पण टी.३० ची उत्तरे ठरलेल्या वेळेतच द्यावी लागतात, आणि सर्व्हर दुसऱ्या कामात गुंतला तर समोरचे यंत्र कंटाळून फोन ठेवते. दुसऱ्यात संगणक निवांत, पण मॉडेमच्या आत चूक असेल तर हात चोळत बसायचे. बेनच्या लंबकांची गोष्ट इथे दीडशे वर्षांनी पुन्हा भेटते. ताल चुकला की चित्र फसले.

२०/
काम झाले की सर्व्हर पाठवणाऱ्याला ई-मेल करतो: गेले, किंवा नाही गेले आणि का नाही. म्हणजे ती छोटी चिठ्ठी आता यंत्राशेजारच्या ट्रेमधून उठून ज्याचे पत्र त्याच्या टेबलावर आली. जावकाची बाजू अशी जवळजवळ पूर्णपणे सुटली. इथवर सर्व गोड.

२१/
खरा गुंता आवकाचा. टपालाच्या पाकिटावर नाव असते. फॅक्सच्या पाकिटावर, म्हणजे फोनमध्ये, फक्त डायल केलेला क्रमांक असतो. ‘प्रति, लेखा शाखा’ हे शब्द पानाच्या आत असतात आणि सर्व्हरला तिथे काळे-पांढरे ठिपकेच दिसतात. पाठवणाऱ्या यंत्राची वीस अक्षरांची एक ओळख येते, पण ती त्या यंत्राच्या मालकाने स्वतःच भरलेली असते, तिची शहानिशा कोणी करत नाही. मग हे पान पाचशे कर्मचाऱ्यांपैकी द्यायचे कोणाला?

२२/
यावर तोडगे निघाले. टेलिफोन कंपनीकडून शंभर क्रमांकांचा संच घ्यायचा. लाइनी मोजक्याच, पण कोणता क्रमांक फिरवला गेला ते एक्स्चेंज सर्व्हरला कळवते. सर्व्हर तक्त्यात पाहून ते पान त्या माणसाच्या ई-मेलमध्ये टाकतो. ही सोय घेतलेल्या ठिकाणी यंत्रणा सुरळीत चालली. बाकीच्या ठिकाणी? तिथे एक माणूस पडद्यासमोर बसवला गेला. आलेल्या प्रत्येक फॅक्सचे पहिले पान पाहायचे, कोणासाठी आहे ते वाचायचे, पुढे धाडायचे. म्हणजे बारनिशीचा लिपिक परत आला, फक्त आता त्याच्यापुढे नोंदवही नव्हती आणि शिक्काही नव्हता. मध्यवर्ती यंत्रणेच्या इतिहासातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग हाच.

२३/
याच काळातला आणखी एक प्रयोग सांगितला पाहिजे. १९९३ मध्ये कार्ल मालामुड आणि मार्शल रोझ यांनी एका कार्यालयाचा नव्हे, अवघ्या इंटरनेटचा सामायिक फॅक्स सर्व्हर करून पाहिला. ई-मेलच्या पत्त्यातच फॅक्स क्रमांक उलट्या क्रमाने लिहायचा, शेवटी ‘टीपीसी डॉट इंट’. ते पत्र त्या गावाच्या टेलिफोन हद्दीतल्या एखाद्या स्वयंसेवी सर्व्हरकडे जाई आणि तो स्थानिक कॉलच्या खर्चात फॅक्स करून टाकी. हाच मालामुड पुढे भारतीय मानके सर्वांना मोफत वाचायला मिळावीत म्हणून झटला, आणि ‘कोड स्वराज’ हे त्याचे पुस्तक सहलेखक सॅम पित्रोदा यांच्यासह निघाले. सी-डॉटचे पित्रोदा, तेच. इतिहासात अशा गाठी अधूनमधून पडतात.

२४/
मग इंटरनेटवरून बोलणे सुरू झाले आणि फॅक्सची पंचाईत झाली. आवाजाचे तुकडे करून पाठवताना एखादा तुकडा गळाला तरी कान सांभाळून घेतो. मॉडेमचा सूर सांभाळून घेत नाही. म्हणून १९९८ मध्ये टी.३८ हे वेगळे मानक करावे लागले. त्याच सुमाराच्या टी.३७ ने तर फॅक्स सरळ ई-मेलला जोडून पाठवण्याची रीत घातली. यापुढे अनेक कार्यालयांचा ‘फॅक्स क्रमांक’ म्हणजे कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवरची एक नोंद उरली.

२५/
भारतीय कायद्याने याची दखल घेतली ती माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये. त्याची कलमे १२ आणि १३ इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावीत. पोच कशी द्यायची हे आधी ठरले नसेल तर घेणाऱ्याकडून स्वयंचलित रीतीने आलेली पोचही चालते. आणि घेणाऱ्याने एखादी संगणक-यंत्रणा नेमून दिलेली असेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेख त्या यंत्रणेत शिरतो तो क्षण म्हणजे प्राप्तीचा क्षण. माणसाने पाहिला की नाही, याचा त्यात उल्लेख नाही. पैवस्ती घालणारा कारकून कायद्याच्या वाक्यातून बाहेर पडला तो इथे.

२६/
पण प्रत्यक्षात माणूस लागतोच. २१ नोव्हेंबर २०१८ ची संध्याकाळ. जम्मू-काश्मीरची विधानसभा निलंबित अवस्थेत होती. मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाला पाठवण्याचा प्रयत्न केला आणि फॅक्स जात नसल्याचे ट्विटरवर जाहीर केले. सज्जाद लोन यांनीही फॅक्स चालत नसल्याचे सांगून आपला दावा राज्यपालांच्या स्वीय सहायकाच्या व्हॉट्सॲपवर धाडला. त्याच संध्याकाळी राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा विसर्जित केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला की ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हते. शिवाय फॅक्स मिळाला असता तरी निर्णय तोच राहिला असता.

२७/
राजकीय बाजू बाजूला ठेवू. त्यावर स्वतंत्र वाद झाले आहेत. आपल्या विषयापुरते पाहता, घटनात्मक पदाकडे पोचायचा अधिकृत मार्ग एका खोलीतले एक यंत्र असावे आणि त्याच्याशेजारी माणूस असण्यावर तो अवलंबून असावा, हे २०१८ मध्ये घडत होते. रांग लावणारा, पुन्हापुन्हा प्रयत्न करणारा, आलेले पान साठवून संबंधितांना कळवणारा सर्व्हर तोवर पाव शतकाचा झाला होता. मात्र तो असता तरी एक प्रश्न उरलाच असता: सर्व्हरमध्ये शिरलेले पत्र राज्यपालांना ‘पावले’ असे म्हणायचे काय? कलम १३ एक उत्तर देते, सुट्टीचा खुलासा दुसरे.

२८/
२०१८ हे वर्ष फॅक्ससाठी विलक्षणच होते. जुलैमध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने दाखवून दिले की इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत अजून जवळजवळ ९,००० फॅक्स यंत्रे आहेत; डिसेंबरमध्ये तेथे नवी यंत्रे घेण्यावर बंदी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एक मुद्दाम घडवलेला फॅक्स पाठवून बहुउद्देशीय छपाईयंत्राचा ताबा घेतला आणि त्यातून कार्यालयाच्या आतील नेटवर्कमध्ये शिरून दाखवले. नेटवर्कच्या दाराशी कडेकोट पहारा, आणि टेलिफोनची खिडकी उघडी. दोन वर्षांनी कोविडच्या साथीत जपानमधील डॉक्टर रुग्णांची माहिती हाताने लिहून आरोग्य केंद्रांना फॅक्स करत होते. एका डॉक्टरच्या उद्विग्न ट्विटनंतर त्यावर टीका झाली आणि मे २०२० मध्ये ऑनलाइन नोंदणी सुरू करावी लागली.

२९/
आता आपल्या अभ्यासाशी थेट संबंध असलेली गोष्ट. १९८० आणि १९९० च्या दशकांतील कार्यालयीन निर्णयांचा मोठा भाग थर्मल कागदावर आला. ज्यांच्या झेरॉक्स निघाल्या ते वाचले. बाकीचे फायलीत लावलेले कागद आज उघडले तर अनेकदा पिवळट कोरी पाने दिसतात. उजेडाने, उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरनेही तो लेप उतरतो. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र वाचता येते आणि तीस वर्षांपूर्वीचा फॅक्स वाचता येत नाही, ही अतिशयोक्ती नाही.

३०/
मध्यवर्ती सर्व्हरने ही अडचण खरे तर सोडवली होती. त्याच्याकडे प्रत्येक पान टिफच्या रूपात असते, आणि ते आजही कोणत्याही संगणकावर उघडते. त्याहून मोलाची म्हणजे त्याची नोंदवही. हायलाफॅक्समध्ये ‘एक्सफरफॅक्सलॉग’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक फॅक्समागे एक ओळ: तारीख, वेळ, कोणता मॉडेम, समोरच्याचा क्रमांक, त्याने सांगितलेली ओळख, पाने किती, किती वेळ लागला, अडले असेल तर कशाने. कोणत्याही बारनिशीने इतकी नेमकी पैवस्ती कधी घातली नव्हती.

३१/
मात्र त्याच यंत्रणेत ‘फॅक्सक्रॉन’ नावाचा एक छोटा कार्यक्रमही असतो. डिस्क भरू नये म्हणून तो वेळापत्रकाने चालवायचा असतो. ठरलेल्या दिवसांहून जुने झालेले आवक फॅक्स तो काढून टाकतो आणि जुन्या नोंदीही कापतो. किती दिवस ठेवायचे ते प्रशासकाने ठरवायचे. त्याने काहीच ठरवले नाही तर कार्यक्रमाचा स्वतःचा आकडा लागू होतो, आणि तो वर्षांत नव्हे, दिवसांत मोजलेला आहे.

(धागा समाप्त)